गाडी सावलीत, पॅनेल उन्हात



आपल्या कार्यक्रमाकडे नेहमी भात, वाल, आंब्यावरचा तुडतुडा यांवर प्रश्न येतात. गेल्या काही महिन्यांत मात्र एक वेगळाच प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे. "साहेब, टेंपोच्या टपावर सोलर पॅनेल बसवायचे आहे, किती वॅटचे घेऊ?" विचारणारे दोन प्रकारचे आहेत. काहीजण भाजीपाला घेऊन रात्री वाशीच्या बाजाराला निघतात किंवा मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याच्या अलीकडे-पलीकडे गाडी लावून माल विकतात. त्यांना गाडीत दिवा, पंखा आणि मोबाईलला चार्जिंग हवे असते. दुसरे आहेत ते तरुण. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून जुना बंद टेंपो दुरुस्त करून 'चाकावरचे घर' करावे आणि पाहुण्यांना आपल्या वाडीत उतरवावे, असे त्यांच्या मनात आहे. आपट्याला पाताळगंगा आहे, कर्नाळा जवळ आहे, पनवेल-रोहा मार्गावरचे स्टेशन आहे. तेव्हा विचार काही वाईट नाही.

पण "किती वॅटचे पॅनेल घेऊ?" हा प्रश्नच आधी उलटा आहे. विहिरीवर किती अश्वशक्तीचा पंप बसवावा, असे कोणी विचारले तर आपण काय म्हणतो? आधी सांग, भिजवायचे किती आणि झरा किती. इथेही तेच.

एका टेंपोची गोष्ट

आपट्याच्या शिवारातल्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण चूक त्याची एकट्याची नव्हती. त्याच्या घरच्या बाईंनी बचतगटातून कर्ज काढले आणि याने टेंपोवर ३३० वॅटचे मोठे पॅनेल बसवून घेतले. विकणाऱ्याने टपाचे माप घेतले, पैसे घेतले. रात्री काय काय चालवणार, गाडी कुठे उभी करणार, हे काही विचारले नाही. बॅटरी म्हणून गाडीला इंजिन चालू करायला असते तसलीच एक दिली आणि सोबत स्वस्तातला कंट्रोलर.

पहिला महिना बरा गेला. मग पंखा पहाटे दोनला बंद पडू लागला, पुढे बाराला. सहा महिन्यांत बॅटरी फुगली. तो म्हणाला, "साहेब, सोलर म्हणजे सगळी फसवणूक आहे." मी जाऊन पाहिले. पॅनेल उत्तम होते, पण बाकी तीन ठिकाणी खोट होती. एक, कंट्रोलर त्या पॅनेलला जुळणारा नव्हता. दोन, बॅटरी चुकीच्या जातीची. आणि तिसरी खोट आंब्याखाली होती. गाडी तापू नये म्हणून तो दिवसभर ती कलमाच्या दाट सावलीत लावायचा!

या तीनही गोष्टी नीट समजल्या तर तुमचे पैसे वाचतील. म्हणून एकेक सविस्तर सांगतो.

झरा, हौद आणि पाट

पॅनेल म्हणजे झरा. ऊन आहे तोवर वाहतो, मावळले की आटतो. बॅटरी म्हणजे हौद. दिवसा भरायचा, रात्री उपसायचा. तारा म्हणजे पाट. पाट अरुंद असला की पाणी वाटेतच जिरते. आणि चार्ज कंट्रोलर म्हणजे हौदाच्या तोंडाशी बसलेला राखणदार. हौद ओसंडू देत नाही आणि तळ गाठू देत नाही. चौघांची जोडी जमली तरच पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचते.

पहिले काम : खर्चाचा हिशोब

वहीत लिहा : वस्तू किती वॅटची, किती नग, किती तास. तिन्हींचा गुणाकार केला की 'वॅट-तास' मिळतात. एक हजार वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट.

भाजीच्या टेंपोचा एका रात्रीचा साधारण खर्च असा :

– ७ वॅटचे दोन एलईडी दिवे, ५ तास : ७०
– १२ व्होल्टवर चालणारा २० वॅटचा पंखा, ८ तास : १६०
– दोन मोबाईल : ३०
– इलेक्ट्रॉनिक तराजू : २०

एकूण २८० वॅट-तास. म्हणजे पाव युनिटापेक्षा किंचित जास्त.

आता झऱ्याकडे या. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे कारखान्यात कडक प्रकाशात आणि पॅनेल २५ अंश सेल्सिअसवर ठेवून मोजलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टपावरचे पॅनेल ६० अंशांच्या पुढे तापते. दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.५ टक्के वीज घटते. त्यात धूळ, तारांतली घट, बॅटरीतली घट धरली, तर शंभरातले सत्तर हाती लागतात असे समजून चाला. म्हणून २८० ला ०.७ ने भागा. आले ४००.

दिवस बारा तासांचा असला तरी सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे आणि कोवळे. सगळ्या दिवसाचे ऊन गोळा करून 'कडक उन्हाचे तास' मोजले, तर आपल्या पट्ट्यात उन्हाळ्यात ते सहाच्या आसपास, हिवाळ्यात पाचाच्या जरा खाली आणि जुलै-ऑगस्टमध्ये जेमतेम तीन-साडेतीन भरतात. हिशोबाला साडेचार धरा. ४०० भागिले साडेचार, म्हणजे ८९ वॅट. बाजारात १०० वॅटचे पॅनेल मिळते, ते घ्या. भर पावसातही रोज गाडी काढणार असाल तर १५० वॅटचे घ्या. ३३० वॅटची गरजच नव्हती!

पाहुण्यांची गाडी : इथे हात आखडा

चाकावरच्या घराचा हिशोब मोठा असतो. चार दिवे १४०, दोन पंखे ३२०, चार मोबाईल ६०, पाण्याचा छोटा पंप ३०, आणि १२ व्होल्टचा लहान फ्रीज आपल्या उकाड्यात दिवसाला ६०० तरी खातो. एकूण ११५० वॅट-तास. त्याच रीतीने भागले की ३६५ वॅट येतात, म्हणजे ४०० वॅटचे पॅनेल हवे. एवढे लहान टेंपोच्या टपावर बसते.

पण एसी? एक टनाचा एसी रात्रभर चालवला तर चार-पाच युनिटे सहज जातात. तेवढ्याला सोळाशे वॅटच्या आसपास पॅनेल लागेल. ३३० वॅटची पाच पॅनेले, प्रत्येक दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद. टप संपेल, पॅनेले उरतील. इंडक्शन शेगडीचेही तसेच. दोन हजार वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १६५ अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढते. म्हणून पाहुण्यांना "एसी गाडी" असा शब्द सोलरच्या भरवशावर देऊ नका. एसी द्यायचाच असेल तर घरच्या मीटरवरून जोडणी द्या, ती पात्र वायरमनकडून, अर्थिंग करून आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-बंद स्विच बसवूनच. ओल्या अंगणात गाडीच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर काय होईल, हे सांगायला नको. स्वयंपाक तुमच्या चुलीवरचाच द्या. तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे खायलाच तर माणसे येतात.

हौद कोणता?

मागच्या साली मीच एक शहाणपणा केला. एका गावी रात्रीच्या सभेसाठी गाडीच्या मूळ बॅटरीवर दिवे आणि ध्वनिक्षेपक चालवला. सभा छान झाली. सकाळी गाडी चालू होईना. ज्या शेतकऱ्यांना मी रात्री उपदेश केला, त्यांनीच ती धक्का मारून चालू केली. तेव्हापासून एक नियम पाळतो : इंजिनची बॅटरी इंजिनलाच. दिवे-पंख्याला वेगळी.

याचे कारण असे. इंजिनची बॅटरी दोन-चार सेकंद जोराचा करंट द्यायला केलेली असते. ती रात्रभर हळूहळू उपसली आणि वरचेवर तळाला नेली, की काही महिन्यांत जाते. आपल्या टेंपोवाल्याचे तेच झाले. खोल उपसायची बॅटरी वेगळी येते. तिच्या दोन जाती लक्षात ठेवा.

पहिली शिशाची ट्यूब्युलर, घरच्या इन्व्हर्टरला असते ती. स्वस्त आणि ओळखीची. पण हौद निम्माच उपसायचा, नाहीतर आयुष्य घटते. वजनदार असते, चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडते आणि पाणी तपासावे लागते.

दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. महाग, पण ऐंशी टक्के खुशाल उपसा. वजन निम्म्याहून कमी, आणि नीट वापरली तर दोन हजारांवर वेळा भरता-उपसता येते. आत राखण करणारे 'बीएमएस' सर्किट असलेलीच घ्या.

ढगाळ दिवस धरून भाजीच्या टेंपोला दोन रात्रींचा साठा ठेवा, म्हणजे ५६० वॅट-तास. शिशाची घेतली तर १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची, लिथियमची घेतली तर ६० ची पुरे. पाहुण्यांच्या गाडीला दीड दिवसाचा साठा धरला तर शिशाच्या १५० च्या दोन लागतात. त्या दोघींचे वजन शंभर किलोच्या वर जाते. लिथियमच्या १०० च्या दोन मिळून पंचवीस किलोच्या आसपास. फिरत्या गाडीत वजन म्हणजे डिझेल. म्हणून घरात शिसे आणि गाडीत लिथियम, असा माझा सल्ला. पैसे कमी असतील आणि गाडी रोज थोडीच फिरणार असेल, तर शिशाचीही चालेल.

शिशाच्या बॅटरीची तब्येत पाहायला साधा मीटर पुरतो. काही तास आराम दिल्यावर १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास आली तर निम्मी संपली. तिथेच थांबा.

गाडी चालताना डायनामोवरून ही दुसरी बॅटरी भरता येते. पण लिथियम सरळ जोडू नका. ती करंट इतका ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये 'डीसी टू डीसी चार्जर' लागतो.

राखणदाराची जोडी

कंट्रोलर दोन प्रकारचे, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पीडब्ल्यूएम स्वस्त आहे, पण तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टवर ओढून आणतो. १०० वॅटचे 'बारा व्होल्टी' पॅनेल सुमारे १८ व्होल्टवर काम करते, तिथे तो चालून जातो. पण घरासाठी बनवलेले ३३० वॅटचे पॅनेल ३७-३८ व्होल्टवर काम करते. त्याला पीडब्ल्यूएम लावला तर हाती जेमतेम ११५-१२० वॅट येतात. आपल्या शेतकऱ्याचे दोन तृतीयांश ऊन असे टपावरच वाया जात होते!

एमपीपीटी जादा व्होल्टचे जादा करंटमध्ये रूपांतर करतो. महाग असला तरी मोठ्या पॅनेलला तोच हवा. घेण्यापूर्वी पॅनेलच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर 'ओपन सर्किट व्होल्टेज' किती आहे ते पाहा आणि कंट्रोलर त्याहून जास्त व्होल्ट सोसणारा आहे याची खात्री करा.

जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. हा क्रम दारावर लिहून ठेवा.

सावलीची गोम

आता सर्वांत महत्त्वाचे. पॅनेलमधल्या काचेखालच्या चौकटी एका माळेत ओवलेल्या असतात. करंट सगळ्यांतून एकापाठोपाठ जातो. पाटात एका जागी दगड पडला की पुढचे पाणी अडते, तसे एका चौकटीवर सावली पडली की साऱ्या ओळीची वीज घटते. पॅनेलमध्ये आडवाटेने करंट नेणारे डायोड असतात, पण ते सगळी तूट भरून काढत नाहीत. कॅरियरचा दांडा, चिकटलेले पान, कावळ्याची विष्ठा, यांनीही फरक पडतो. मग आंब्याची दाट सावली म्हणजे झरा बुजवल्यासारखेच.

पण गाडी उन्हात ठेवावी तर भाजी कोमेजते आणि पाहुणे भाजतात. त्यावर तोड अशी : टपावर एक पॅनेल पक्के बसवा आणि दुसरे सुटे, स्टँडवरचे ठेवा. दहा मीटर जाड तारेने ते उन्हात मांडा. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात! सुट्याचा आणखी एक फायदा. आपण सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा टपावरचे सपाट पॅनेल बरोबर असते. पण डिसेंबरात दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. तेव्हा सुटे पॅनेल दक्षिणेला तोंड करून तिरपे मांडले की वीज चांगली वाढते. मात्र गुरे, पोरे आणि चोर यांपासून सांभाळा. रात्री ते आत घ्या.

बसवताना

१. पॅनेल टपाला चिकटवू नका. खाली चार-पाच सेंटीमीटर हवा खेळू द्या. चिकटवायची लवचिक पॅनेले जास्त तापतात आणि लवकर खराब होतात. गाडीलाही काचेचे, अॅल्युमिनियम चौकटीचे पॅनेल टिकाऊ.

२. टपाला भोक पाडाल तिथे सीलंट भरा. पहिल्याच पावसात टप गळतो तो इथूनच. नटबोल्ट गंज न लागणारे, स्टेनलेस स्टीलचे.

३. तार जाड घ्या. पाच मीटर अंतरावर १५ अँपिअर नेताना २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एक व्होल्टहून जास्त घट होते, ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्ध्याहून कमी. बारा व्होल्टात एक व्होल्ट म्हणजे थोडके नव्हे.

४. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज. तो वाचवून पैसे वाचत नाहीत, गाडी जळते.

५. शिशाची बॅटरी बिछान्याखाली किंवा कोंदट पेटीत नको. वारा लागेल अशी ठेवा, जवळ विडी नको. कोणतीही बॅटरी कीटकनाशकांच्या डब्यांशेजारी नको.

६. दिवे, पंखा शक्यतो १२ व्होल्टचेच घ्या. इन्व्हर्टर मध्ये आला की शंभरातले दहा-पंधरा तोच खातो.

७. आठवड्याला एकदा, सकाळी काच गार असताना साध्या पाण्याने पॅनेल पुसा. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

८. गाडीच्या रचनेत बदल करण्याआधी पनवेलच्या परिवहन कार्यालयात चौकशी करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदणीतल्या बनावटीत मनमानी बदल चालत नाही. टेंपोचे घर करताना तर आधी मंजुरी, मग सुतार.

श्रोत्यांचे प्रश्न

*गाडीवरच्या पॅनेलला अनुदान आहे का?*
२०१९ ची पीएम-कुसुम योजना शेतीपंपासाठी आणि २०२४ ची पीएम सूर्यघर योजना घराच्या छपरासाठी आखलेली. दोन्ही गाडीसाठी नाहीत. "टेंपोला अनुदान आणून देतो, आधी पैसे भरा" असे कोणी म्हणाले तर पैसे देऊ नका, आधी कृषी कार्यालयात या.

*चांगले पॅनेल कसे ओळखावे?*
पाठीवर वॅट, व्होल्ट, करंट यांची चिठ्ठी आणि आयएस १४२८६ हे भारतीय मानक पाहा. पक्की पावती घ्या. दुकानाबाहेर दुपारच्या उन्हात पॅनेल ठेवून मीटरने व्होल्ट मोजा. चिठ्ठीवरच्या ओपन सर्किट आकड्याच्या जवळपास यायला हवेत. तापल्यावर थोडे कमी भरतात, ते ठीक.

*पावसाळ्यात काय करावे?*
झरा निम्मा होतो हे मान्य करा. फ्रीज बंद ठेवा, बॅटरी घरच्या विजेवर चार्जर लावून आठवड्यातून एकदा पूर्ण भरा. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली तर पुढच्या दिवाळीला नवी आणावी लागेल.

शेवटी

आपल्या टेंपोवाल्याने पॅनेल तेच ठेवले. कंट्रोलर एमपीपीटी घेतला, बॅटरी बदलली आणि गाडी आंब्याखालून काढून खळ्याच्या कडेला लावू लागला. टपावर पॅनेल आणि पत्रा यांत हवा खेळते, म्हणून आत पूर्वीइतके तापतही नाही. पंखा आता सकाळपर्यंत फिरतो. बचतगटाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. त्याच्या घरच्या बाई मला म्हणाल्या, "साहेब, हे आधी का नाही सांगितलंत?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हे पत्रक.

तेव्हा दुकानात जाण्याआधी रात्री वही घेऊन बसा. घरातल्या सगळ्यांना विचारा, काय चालवायचे, किती तास. दुसऱ्या दिवशी गाडी नेहमीच्या जागी उभी करा आणि सकाळी नऊ, दुपारी बारा व तीनला टपावर सावली कुठे पडते ते पाहा. हे दोन कागद हातात असले की कोणताही विक्रेता तुम्हाला नको ते गळ्यात बांधू शकणार नाही.

हिशोब जुळत नसेल तर वही घेऊन खुशाल कार्यालयात या. मिळून बसू. राम राम.